थोरल्या पिंपाचा तळ

१

मालकीणबाईंनी थोरल्या पिंपाची तोटी फिरवली, खाली पेला धरला, आणि पेल्यात काहीच पडलं नाही.

त्यांनी तोटी आणखी फिरवली. दोन थेंब आले, तेही उपकार केल्यासारखे. मग त्यांनी पिंपाच्या पोटावर बोटांनी ठोकून पाहिलं. भरलेलं पिंप मुकं असतं. हे मात्र ढोलासारखं बोललं. तळघरात जमलेल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

ज्यांच्यासाठी हा सोहळा मांडला होता ते खरेदीवाले साहेब पुढेच उभे होते. मोठ्या हॉटेलांसाठी वाइन विकत घेणारा माणूस. थोरल्यातली वाइन आवडली तर सगळा माल उचलतो, असा शब्द त्यांनी दिला होता. कैक वर्षं जपलेली, कुणाला चाखायला न दिलेली ती वाइन आज त्यांच्यासमोर निघायची होती. साहेबांनी हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि तो हळूच ट्रेमध्ये परत ठेवला.

"गळलं असेल वहिनी," मालकीणबाईंचे दीर म्हणाले. घरात आणि गावात त्यांना सगळे धाकटे म्हणत, केस पिकले तरी. "जुनं लाकूड आहे. भावजी भावजी म्हणून मला मागे ठेवलंत, नाहीतर मी कधीच म्हणत होतो, विकून टाका हा द्राक्षांचा डोंगर."

"गळलं असतं तर फरशी लाल झाली असती," मालकीणबाई म्हणाल्या. "फरशी बघा. जेवायला बसावं अशी स्वच्छ आहे."

हे बोलून त्या तडक दाराकडे गेल्या. डोंगर कोरून केलेलं तळघर ते, आणि त्याला एकच दार, हत्तीनं धडक मारली तरी हलू नये असं. त्यांनी ते आतून लावलं, येताना कामगाराकडून घेतलेल्या किल्लीनं कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली. भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांना बोलावलं. मग वळून म्हणाल्या, "तळघराची किल्ली एकाच माणसाकडे असते. पोलीस येईपर्यंत कुणी हलायचं नाही. आले की पैलवानाला त्यांच्या हाती देते."

पैलवान म्हणजे तळघरातला कामगार. वारं आलं तर उडून जाईल असा बारीक, म्हणूनच हे नाव. दार लागलं तसा तो भिंतीला पाठ टेकून मटकन खाली बसला. तो एकदा तुरुंगात जाऊन आलेला होता आणि ही गोष्ट तिथे सगळ्यांना माहीत होती. कुलपाचा खटका ऐकून त्याचा चेहरा असा झाला की बघणाऱ्यानं नजर वळवावी.

बघणाऱ्यांत एक आत्या होती. नोकरीतून निवृत्त झाल्याबद्दल तिच्या भाच्यानं तिला वाइन चाखायच्या सहलीला आणलं होतं. जन्मात जिनं थेंब तोंडाला लावला नाही तिला वाइन चाखायला आणायचं, हे डोकं त्या भाच्याचंच. आत्यानं मात्र तक्रार केली नव्हती. ती उभा जन्म भेसळ तपासनीस होती, दूध, तूप, तिखट हुंगत दुकानं पालथी घातलेली. प्यायचं नसलं तरी हुंगायला काय जातंय, असं म्हणून ती आली होती. तिला एकाच गोष्टीची भीती वाटायची. बंद खोलीची.

"आत्या, तू बरी आहेस ना?" भाच्यानं विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. पण हा बाबा जर पोलिसांबरोबर गेला ना, तर त्याला याहून लहान खोली मिळेल. तेव्हा मला जरा विचार करू दे."

२

तळघराचं छत इतकं खाली होतं की उंच भाच्याला मान वाकवून उभं राहावं लागत होतं. दोन्ही बाजूंना पिंपांच्या रांगा, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट, आणि एकच पिवळा दिवा. गारठा पायांतून वर चढत होता. लोक विनाकारण हळू बोलत होते. हवा पुरेल की नाही असं आत्याला उगाचच वाटत राहिलं. पुरणार होती, हे तिला पक्कं कळत होतं, पण कळून काही उपयोग होत नव्हता.

ती आधी साहेबांकडे गेली, कारण तेच सर्वांत जास्त फणफणत होते.

"मला कोंडून ठेवलंय! मला! मी गिऱ्हाईक आहे की दरोडेखोर?"

"तेच विचारायला आले," आत्या म्हणाली. "वाइन नाही म्हटल्यावर तुमचं काय नुकसान?"

"माझं? माझं काहीच नाही. मी दुसऱ्या डोंगरावर जाईन. इथं डोंगरांना काय तोटा? पण बाई, खरं सांगू? मी उस्तादांच्या नाकासाठी आलो होतो. ते नाक म्हणजे या धंद्यातलं सोनं. ते ज्याला चांगलं म्हणतात ते मी डोळे मिटून घेतो."

उस्ताद म्हणजे इथले वाइन बनवणारे. म्हातारे, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. ते थोरल्या पिंपापाशी असे उभे होते की जणू घरातलं माणूस गेलंय. आत्यानं त्यांना हात जोडले.

"उस्ताद, शेवटची कधी चाखली होतीत?"

"परवाच." त्यांनी काचेची लांब नळी दाखवली. पिंपाच्या वरच्या भोकातून ती आत सोडायची, अंगठ्यानं तोंड दाबायचं आणि घोटभर नमुना वर काढायचा. "परवाच काढली. जिभेवर रेशीम होती बाई, रेशीम. माझ्या हातची शेवटची मोठी वाइन असणार होती ती. ज्यानं केलं त्याला..."

"पैलवानानं केलं असेल?"

"कोण जाणे. पोरगा वाईट नाही. पण मालकीणबाई म्हणतात ते खोटं कसं म्हणू? किल्ली त्याच्याकडे." उस्तादांनी मान फिरवली. "तसा कामाला चांगला आहे. दम्यामुळे गंधकाचं काम तेवढं त्याला देत नाही आम्ही, बाकी सगळं करतो."

"गंधकाचं काम म्हणजे?"

"पिंप रिकामं झालं की आत गंधकाची पट्टी तारेला अडकवून सोडायची आणि पेटवायची. नाहीतर लाकडाला बुरशी लागते, पिंप कायमचं बाद होतं. माझे वडील करायचे, मी करतो, माझी सून करते. रिकामं पिंप उघडं ठेवणं म्हणजे पाप."

धाकटे थोडे बाजूला उभे राहून मनगटावरचं घड्याळ आणि दार आलटून पालटून बघत होते. आत्यानं त्यांना विचारलं, "पिंप रिकामं झाल्यावर काय करता हो तुम्ही?"

"काय करणार? दुसरं भरतात." त्यांनी खांदे उडवले. "हे बघा, मी आयुष्यात या भुयारात चारदा आलो असेन. मला इथं गुदमरतं. विकायचं म्हणतो तेही म्हणूनच. पण विकायला गिऱ्हाईक खूष असावं लागतं. आज वाइन चांगली निघाली असती तर डोंगराचा भावही वाढला असता. मी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

माणूस उथळ होता, पण खोटं बोलत नव्हता. आत्यानं जन्मभर दुकानदारांचे डोळे वाचले होते. ती पिंपापाशी परत आली, वरच्या भोकाशी वाकली आणि दचकून मागे सरली. डोळ्यांत पाणी आलं. भोकाच्या कडेला एक वाकडी तार लटकत होती आणि तिच्या टोकाला जळून काळी पडलेली चिंधी.

तळघरात गंधकाचा वास नेहमीचाच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यानं हे पिंप ओतलं होतं त्यानं जाता जाता आत गंधक जाळलं होतं.

३

"पैलवान," आत्या त्याच्याशेजारी उकिडवी बसली. गुडघे करकरले. "किल्ली आज कुणाला दिली होतीस?"

"कुणालाच नाही."

"रात्री कुठे होती?"

"माझ्याकडेच. सकाळी पण माझ्याकडेच." तो बोलत होता आत्याशी, पण बघत होता पलीकडे. तिकडे उस्तादांची सून उभी होती, पेल्यांचा ट्रे छातीशी धरून. आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखवणं, माहिती सांगणं, हसतमुखानं फिरवणं हे तिचं काम. सकाळपासून ती एकदाही बसली नव्हती.

"बरं. गंधकाचा धूर तुला सोसतो?"

"नाही हो. पंधरा दिवस झोपून काढलेत एकदा." तो पुन्हा दाराकडे बघायला लागला. "बाई, पोलीस मला नेतील ना?"

"तू खरं सांगितलंस तर नाही नेणार."

"मी शब्द दिलाय," तो पुटपुटला, आणि लगेच जीभ चावली.

आत्यानं त्याला आणखी छळलं नाही. हा माणूस तोंड शिवून बसणार आणि पोलीस त्याला उचलून नेणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला काम कोण देतं? इथं कुणीतरी दिलं होतं, आणि त्या उपकाराखाली तो दबला होता.

तिनं भाच्याला हाक मारली. "ती नळी आण. आणि पिंपाच्या भोकातून अगदी तळापर्यंत सोड."

"अगं, रिकामं आहे ते."

"तोटी कुठे आहे बघ. तळापासून वीतभर वर. तोटीनं ओतलेलं भांडं पुरतं रिकामं होतच नाही. तेलाचे डबे तपासताना मी हेच करायची, वरचं तेल सोड, तळचं दाखव. तोटीच्या खाली गाळ राहिलाच असणार. हे पिंप उलटं करायला चार माणसं लागतात, आणि आपला माणूस एकटा होता."

भाच्यानं नळी सोडली, अंगठा दाबला, वर काढली. तळाशी गढूळ लालसर द्रव होता. आत्यानं तो पेल्यात घेतला आणि गंधकाचा धूर उडून जाईपर्यंत हातानं वारा घालत बसली. मालकीणबाई लांबून बघत होत्या. "काय चाललंय?" म्हणाल्या. "चहा गार करतेय," आत्या म्हणाली. तिला कंठ फुटला होता. बंद दाराची भीती कामाला लागलं की कमी होते, हा तिचा जुना अनुभव.

मग तिनं पेला हुंगला.

गंधकाखालून जे वर आलं ते फळ नव्हतं, रेशीम नव्हतं. पावसात भिजून कोपऱ्यात कुजलेलं गोणपाट असतं ना, तसा वास. धान्याच्या गोदामांत तिनं तो शेकडो वेळा घेतला होता. तिनं जिभेचं टोक लावलं आणि पिकदाणीत थुंकलं. आश्चर्य म्हणजे जिभेला काही कळत नव्हतं. चव ठीक होती. बिघाड होता तो सगळा वासात.

ही वाइन कुणी ओतायच्या कितीतरी आधीच मेली होती. आणि परवा उस्तादांनी तिला रेशीम म्हटलं होतं.

४

आत्याला आता सकाळ आठवली. वरच्या दालनाच्या दारावर मोठी पाटी होती, सेंट-अत्तर लावून आत येऊ नये. सूनबाई हसत हसत सांगत होती, बाबांनी एकदा एका बड्या माणसाला एवढ्यासाठी दारातून परत पाठवलं होतं. आणि आत्याच्या भाच्यानं तर सेंटनं अंघोळच केलेली. आत्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. उस्ताद आले, थेट भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून पेला कसा फिरवायचा ते शिकवत उभे राहिले, आणि चकार शब्द बोलले नाहीत. सूनबाईनंच भाच्याला खिडकीकडे ओढलं होतं, "इकडे उजेड चांगला आहे" म्हणून. तेव्हा आत्याला वाटलं, म्हातारा मोठ्या मनाचा दिसतोय.

आणि चाखताना? प्रत्येक पेला आधी सून हुंगायची. "संत्र्याची साल, थोडा मध," ती म्हणायची. मग उस्ताद डोळे मिटून म्हणायचे, "अगदी बरोबर." विद्यार्थिनी उत्तर सांगत होती आणि गुरुजी मान डोलवत होते. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

आत्या पिंपांच्या रांगेमागे गेली. सूनबाई तिथे एकटीच उभी होती.

"किल्ली पैलवानाकडून तू घेतलीस," आत्या हळूच म्हणाली. "पेले मांडायचेत म्हणून."

सूनबाईनं ट्रे खाली ठेवला. पेले किणकिणले.

"चोरायची असती तर कुणीतरी भरून नेली असती," आत्या म्हणाली. "नुकसान करायचं असतं तर तोटी उघडून पळून गेलं असतं. पण इथं वाइन रबरी नळीनं मोरीत सोडली, फरशी धुतली आणि वर पिंपाला गंधक दिलं. पिंपाची काळजी असणाऱ्यानंच हे केलंय. धाकट्यांना गंधकाची पट्टी कशाशी खातात तेही ठाऊक नाही. साहेब आजच आलेत. पैलवानाला तो धूर सोसत नाही. मालकीणबाईंना ही वाइन विकायची होती, त्या ओततील कशाला आणि वर पोलीस बोलावतील कशाला? उस्तादांना तर वाइन नासलीय हेच माहीत नाही. राहिलं कोण?"

"परवाचा नमुना हुंगला तेव्हाच मला कळलं होतं. मला गळती दाखवायची होती," सूनबाई म्हणाली. "तोटी सैल केली होती. थोडी वाइन फरशीवर सांडू द्यायची, बस. पण आत्या, रिकामं पिंप समोर दिसलं आणि हात आपोआप पट्टीकडे गेला. मग फरशी धुतली. लग्न होऊन आल्यापासून तेच केलंय. वर आले तेव्हा लक्षात आलं, आपण काय करून बसलो. तेवढ्यात गाड्या आल्या."

"सासऱ्यांना वाचवायला केलंस. साहेबांनी पेला नाकाशी नेला असता की उस्तादांचं नाक गेल्याचं जगजाहीर झालं असतं. मी समजू शकते."

सूनबाईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आत्याला अपेक्षित नव्हतं. ती रागावली होती.

"सगळे हेच म्हणतील. सासऱ्यांसाठी केलं, गुणाची सून. मी स्वतःसाठी केलंय, आत्या. मला दुसरीकडे नोकरी मिळालीय. समुद्रापलीकडे. नवरा गेल्यापासून मी पहिल्यांदाच काहीतरी माझं ठरवलंय. हा हंगाम संपला की जाणार होते. घरी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांचं नाक गेलं हे कळलं ना, तर या घरात वास घेणारी मी एकटीच उरते. मग मला इथून कोण हलू देईल? गोड बोलून, पाठीवर हात फिरवून, रडून, कशानं तरी अडकवतीलच. बाबा गेली दोन वर्षं माझ्या नाकावर जगतायत. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी बोलले नाही. मी फक्त एक हंगाम ढकलत होते."

तेवढ्यात दारावर बाहेरून थाप पडली.

"पोलीस!" मालकीणबाईंचा आवाज आला. "पैलवान, उठ."

५

पैलवान उठला नाही. उठणं त्याच्यानं होईना. त्यानं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते आणि डोळे मिटले होते.

आत्या रांगेमागून जवळजवळ धावतच आली. "मालकीणबाई, दार उघडायच्या आधी एक मिनिट. तुमचं नुकसान झालेलंच नाही. वाइन नासली होती. ज्यानं ओतली त्यानं तुमची अब्रू वाचवली." तिनं पेला पुढे केला. एवढंच बोलून प्रकरण मिटावं, कुणाचं नाव निघू नये, असं तिच्या मनात होतं.

मालकीणबाईंनी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. साहेबांनी हुंगलं. "ओलं गोणपाट," ते म्हणाले. "हे माझ्या पेल्यात आलं असतं तर मी तसाच जिना चढून परत गेलो असतो."

"शक्यच नाही!" उस्ताद कडाडले. "परवा मी चाखलीय. माझं पिंप नासेल आणि मला कळणार नाही? पैलवानानं आत काहीतरी टाकलं असेल."

बाहेर पुन्हा थाप पडली. मालकीणबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे. "उस्ताद म्हणतात चांगली होती, म्हणजे चांगली होती. आजवर या घरात उस्तादांच्या नाकावर सगळं चाललंय. मी आता बाहेरच्यांचं ऐकू?" त्यांनी किल्ली कुलपाला लावली. "चल पैलवान."

आत्याच्या हातात अजून पेला होता. तिनं तो उस्तादांसमोर धरला. नाइलाज होता.

"मग तुम्हीच सांगा, उस्ताद. हा कसला वास आहे? तुम्ही सांगाल ते खरं."

उस्तादांनी पेला घेतला. सवयीनं फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी सुनेकडे पाहिलं. तेही सवयीनंच. आता ती म्हणेल आणि आपण मान डोलवू, असं इतक्या वेळा झालं होतं की म्हाताऱ्याला आपण तिच्याकडे बघतोय याचं भानही नव्हतं.

सूनबाईनं पैलवानाकडे पाहिलं. ती गप्प राहिली.

उस्तादांनी पुन्हा हुंगलं, जोरानं, श्वास आवाज करत आत गेला. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. "जरा... फळाचा," ते म्हणाले. कुणीच हो म्हटलं नाही. साहेबांनी नजर खाली केली.

"बाबा," सूनबाई म्हणाली. एवढंच.

म्हाताऱ्यानं पेला पिंपावर ठेवला. "काही येत नाही," ते म्हणाले. "कसलाच वास येत नाही मला. जेवणाचा नाही, मातीचा नाही. त्याला सोडा. त्या पोराला सोडा, मालकीणबाई."

"आणि वाइन मी ओतली," सूनबाई म्हणाली. "किल्ली मी घेतली होती. त्याला कामावर मीच लावलं होतं आणि मीच शपथ घातली, म्हणून तो गप्प बसला."

मालकीणबाईंनी पैलवानाला उठायची खूण केली. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि दार उघडलं. जिन्यातून उजेड आला, ऊन आलं, गवताचा वास आला. दारात उभ्या असलेल्या पोलिसांना त्या म्हणाल्या, "चूक झाली. पिंप गळत होतं. उगाच त्रास दिला तुम्हाला, वर चहा घ्या." पैलवान कुणाकडेही न बघता त्यांच्यामधून वाट काढून वर गेला आणि उघड्यावर जाऊन उभा राहिला. त्याचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. आत्याही भिंतीचा आधार घेत त्याच्यामागे वर आली आणि छाती भरून हवा घेतली. या एका माणसापुरतं तरी आज बरं झालं, असं तिला वाटलं.

खाली मात्र कुणी कुणावर रागावलं नाही. तेच वाईट झालं. आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती.

"एवढे दिवस तू एकटीनं सांभाळलंस?" मालकीणबाईंचा आवाज भरून आला होता. "आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस?"

"म्हणजे मी ज्या नाकावर विश्वास ठेवत होतो ते यांचं होतं तर," साहेब म्हणाले. "मग अडचण कसली? दुसरी पिंपं दाखवा. या ज्याला हो म्हणतील ते मी घेतो. या असेपर्यंत मी दुसऱ्या डोंगरावर जाणार नाही."

"वहिनी, करार लिहून घ्या," धाकटे म्हणाले. ते सकाळपासून एवढं शहाणपणाचं वाक्य बोलले नव्हते.

"आजपासून उस्तादांच्या जागी तू," मालकीणबाई म्हणाल्या. "माझी लेक असतीस तरी एवढं केलं नसतंस." उस्तादांना हुंदका फुटला. "मी मरायला मोकळा झालो पोरी," ते म्हणाले. "आता तू आहेस, मला कसली चिंता?"

भाचा डोळे पुसत वर आला. "आत्या, काय सुंदर झालं गं सगळं!"

"तू गाडीत जाऊन बस," आत्या म्हणाली.

थोड्या वेळानं सूनबाई वर आली. हातात धुतलेल्या पेल्यांचा ट्रे होता, चेहरा पुसून आली होती. आत्या तिच्याजवळ गेली. आपण पेला पुढे केला नसता तर, असं तिला सांगायचं होतं, पण तसं केलं नसतं तर पैलवान आता पोलिसांच्या गाडीत असता. "मी बोलू का मालकीणबाईंशी?" तिनं विचारलं. "तुझ्या नोकरीचं सांगते. जायला हवं तुला."

"बोलून काय होणार? त्या नाही म्हणणार नाहीत. फक्त रडतील." सूनबाईनं मागे वळून पाहिलं. खालून उस्तादांचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं. "हा ट्रे जरा धरता?"

आत्यानं ट्रे धरला. सूनबाईनं मोबाइल काढला, नंबर लावला आणि दोन पावलं बाजूला गेली. तिकडचं माणूस आनंदानं काहीतरी बोललं असावं, कारण तिनं आधी थोडं ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही जमणार मला. हो, विचार केला. नाही, पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा."

तिनं फोन ठेवला, पदरानं ओठ टिपले आणि आत्याच्या हातून ट्रे परत घेतला.

"द्या," ती म्हणाली. "साहेब थांबलेत," आणि पायऱ्या उतरून आत गेली.